माझ्या सीडी-डीव्हीडींचा बॅकअप : सॉफ्टवेअर निवडीच्या प्रकल्प नोंदी

४ जून

सगळ्या डिस्क खोक्यांतून काढून टेबलावर मांडल्या. दोनशेच्या आसपास भरतील. आज फक्त ढीग लावले. विकतच्या गाण्यांच्या सीडी एकीकडे. घरी बर्न केलेल्या ऑडिओ सीडी वेगळ्या, कारण त्यांत घरच्यांच्या आवाजातली रेकॉर्डिंग्ज आहेत आणि ती दुसरीकडे कुठेच नाहीत. मग फोटो-कागदपत्रांच्या सीडी-आर (घरी बर्न करता येणाऱ्या सीडी), रेकॉर्डरवर भरलेल्या घरगुती डीव्हीडी, आणि शेवटी विकतच्या चित्रपटांच्या डीव्हीडी.

आधी कोणता ढीग, याचं उत्तर दिव्यासमोर धरल्यावर लगेच मिळालं. विकतच्या सीडीत खड्डे साच्यातून उमटवलेले असतात. बर्न केलेल्या सीडीत लेझरने रंगाच्या थरावर खुणा केलेल्या असतात आणि तो रंग ऊन-उष्णतेने बिघडतो. दोन सीडी-आर दिव्यासमोर धरल्या, तर एकीच्या कडेला टाचणीच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके दिसले. तिथला चकाकणारा थर गेलेला आहे. सीडीत हा थर लेबलच्या लगेच खाली असतो, वर फक्त लाखेचा पातळ लेप. त्यामुळे लेबलच्या बाजूचा ओरखडा खालच्या बाजूच्या ओरखड्यापेक्षा जास्त घातक. खालून १.२ मिलिमीटर प्लास्टिक आहे, ते पॉलिश करता येतं. वरून थरच उडाला तर काही करता येत नाही. डीव्हीडीत तो थर दोन पातळ चकत्यांच्या मधोमध असतो, म्हणून तिचं लेबल तितकं नाजूक नसतं.

म्हणजे आधी बर्न केलेल्या, मग विकतच्या. पण सॉफ्टवेअरची पारख मात्र विकतच्यांवर करायची, कारण तिथे आपलं वाचन बरोबर आलं का हे बाहेरून तपासता येतं.

निवडीचा निकष आत्ताच लिहून ठेवतो, म्हणजे नंतर मन भरकटणार नाही: जे वाचता आलं नाही ते कुठे आहे, हे सॉफ्टवेअरने मला सांगितलं पाहिजे आणि लिहून दिलं पाहिजे. वेग, दिखाऊपणा, एका बटणात सगळं काम, हे सगळं त्यानंतर.

६ जून

फोल्डर कॉपी करतो तशी ऑडिओ सीडी का कॉपी करता येत नाही, हे मनाशी नीट स्पष्ट करून घेतलं. निवड त्यावरच ठरणार आहे.

सीडीवरचा एक सेक्टर, म्हणजे मजकुराचा ठरावीक तुकडा, २३५२ बाइटचा, आणि सेकंदाला असे ७५ सेक्टर. डेटा सीडीत यातले २०४८ बाइट आपल्या कामाचे असतात. उरलेल्या जागेत सेक्टरचा पत्ता, चूक ओळखणारा कोड आणि चूक दुरुस्त करणारा २७६ बाइटचा कोड. ऑडिओ सीडीत हा जादा थर नाहीच. २३५२च्या २३५२ बाइट आवाजाचे. खालच्या पातळीवर सर्क नावाची दुरुस्ती दोन्ही प्रकारांत आहे. पण तिला न झेपणारी चूक आली की ड्राइव्ह आजूबाजूच्या नमुन्यांवरून (आवाजाच्या सुट्या मोजमापांवरून) अंदाज बांधून जागा भरतो आणि पुढे जातो. गाणं ऐकणाऱ्यासाठी ही सोय उत्तम आहे. बॅकअप घेणाऱ्याला मात्र पत्ताच लागत नाही की त्या क्षणी खरा आवाज हाती आला की ड्राइव्हने जुळवलेला.

म्हणून साध्या म्युझिक प्लेअरमधलं ‘सीडी इम्पोर्ट’ यादीतून बाद. ते एकदा वाचतं, फाइल करतं आणि काम झालं म्हणतं.

७ जून

ऑडिओसाठी उरलेली नावं: विंडोजवर एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी, क्यूरिपर आणि डीबीपॉवरॅम्प, मॅकवर एक्सएलडी, लिनक्सवर व्हिपर आणि सायनरिप. ही सगळी अ‍ॅक्युरेटरिप या इंटरनेटवरच्या डेटाबेसशी पडताळून बघतात, आणि माझ्यासाठी हीच मुख्य गोष्ट आहे. तुमची सीडी जगात इतर कुणी वाचली असेल तर त्यांच्या प्रत्येक ट्रॅकचा चेकसम (मजकुरावरून गणिताने काढलेला ओळखीचा आकडा) तिथे साठवलेला असतो. वेगवेगळ्या ड्राइव्हवर, वेगवेगळ्या घरांत वाचलेली तीच सीडी सारखाच आकडा देत असेल आणि माझाही तोच आला, तर माझं वाचन बरोबर. सगळ्यांच्या ड्राइव्हनी एकाच जागी एकसारखा चुकीचा अंदाज बांधणं जवळजवळ अशक्य.

माझ्याकडे मॅक नाही. डीबीपॉवरॅम्प चांगलं आहे, पण पैसे देऊन घ्यावं लागतं आणि मला जे हवं ते मोफत सॉफ्टवेअरमध्ये मिळतंय. आता लिनक्सवर व्हिपर आणि जुन्या विंडोज लॅपटॉपवर एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी अशी जोडी लावून बघतो.

१० जून

आजचा दिवस ऑफसेटवर गेला, आणि त्यातून सगळ्यात जास्त शिकायला मिळालं.

प्रत्येक मॉडेलचा ड्राइव्ह ऑडिओ वाचताना ठरावीक नमुन्यांनी पुढे किंवा मागे सरकलेला असतो. माझ्या डेस्कटॉपमधल्या ड्राइव्हचा ऑफसेट +६, लॅपटॉपला जोडलेल्याचा +६६७. एका सेक्टरमध्ये ५८८ नमुने असतात, म्हणजे दुसरा ड्राइव्ह एका सेक्टरपेक्षाही जास्त सरकलेला आहे. सेकंदाला ४४,१०० नमुने धरले तर हा फरक सुमारे १५ मिलिसेकंदांचा. कानाला तो कधीच कळणार नाही. पण ट्रॅकची हद्द सरकली की चेकसम पार बदलतो आणि पडताळणीच होत नाही.

एकच स्वच्छ सीडी दोन्हीकडे वाचली. ऑफसेट शून्य ठेवल्यावर दोन यंत्रांचे आकडे एकाही ट्रॅकला जुळले नाहीत. मग दोन्हीकडे आपापले ऑफसेट भरले आणि पुन्हा वाचलं. पहिल्या ट्रॅकपासून शेवटच्यापर्यंत आठ-आठ अक्षरी चेकसम दोन लॉगमध्ये (सॉफ्टवेअरने लिहिलेल्या नोंदींत) शेजारी शेजारी ठेवले, तर एकूण एक सारखे. अ‍ॅक्युरेटरिपनेही दुजोरा दिला. दोन वेगळे ड्राइव्ह, दोन वेगळी सॉफ्टवेअर, दोन वेगळ्या ऑपरेटिंग सिस्टिम, आणि एका बाइटचाही फरक नाही. मनापासून आनंद झाला.

व्हिपर हा ऑफसेट स्वतःच शोधून काढतं; त्यासाठी डेटाबेसमध्ये असलेली एखादी सीडी आत हवी. ड्राइव्हची कॅश (त्याची तात्पुरती मेमरी) टाळता येते का हेही ते तपासतं. हे महत्त्वाचं आहे. दुसऱ्यांदा वाचताना ड्राइव्हने डिस्कला हात न लावता मेमरीतलाच मजकूर परत दिला, तर दोन वाचनं जुळली याला काही अर्थ उरत नाही. एक्झॅक्ट ऑडिओ कॉपीत कॅशचा पर्याय सेटिंगमध्ये आहे. वाचनात चूक झाली हे ड्राइव्ह स्वतः ज्यातून कळवतो त्या सी२ इशाऱ्यांवर विसंबायचा पर्याय मी बंद ठेवला, कारण सगळे ड्राइव्ह हे इशारे प्रामाणिकपणे देत नाहीत.

११ जून

व्हिपर प्रत्येक ट्रॅक दोनदा वाचून जुळवून बघतं. वेळ लागतो. लागू दे.

१३ जून

ओरखड्यांची सीडी मुद्दाम आज घेतली. सातव्या ट्रॅकवर एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी अडकलं, तेच तेच सेक्टर पुन्हा पुन्हा वाचत राहिलं. शेवटी लॉगमध्ये संशयास्पद जागा मिनिट-सेकंदासकट लिहून दिली. हेडफोन लावून नेमकी ती जागा ऐकली: तबल्याच्या एका ठेक्यावर ‘टिक’ असा बारीक आवाज. लॉगने जागा दाखवली नसती तर मला तो ऐकूही आला नसता.

मग क्यूटूल्स चालवलं. त्याच्या डेटाबेसमध्ये चेकसमच्या जोडीला दुरुस्तीची माहितीही साठवलेली असते, त्यामुळे नुकसान थोडं असेल आणि तीच आवृत्ती तिथे नोंदलेली असेल तर बिघडलेले नमुने गणिताने परत मिळवता येतात. इथे मिळाले. दुरुस्तीनंतर सातवा ट्रॅक अ‍ॅक्युरेटरिपशी जुळला आणि ‘टिक’ गेला. हा अंदाज नव्हे, मूळ नमुनेच परत आले. या एका कामासाठी क्यूटूल्स यादीत कायमचं.

घरी बर्न केलेल्या ऑडिओ सीडींना हा आधार मिळणार नाही, कारण त्या जगात दुसऱ्या कुणाकडे नाहीत. त्यांच्यासाठी नियम ठरवला: दोन्ही ड्राइव्हवर स्वतंत्रपणे वाचायच्या, दोन्हीचे चेकसम जुळले तरच सीडी झाली म्हणायची. एकाच ड्राइव्हवरची दोन वाचनं पुरेशी नाहीत. तोच ड्राइव्ह तीच चूक दोनदा करू शकतो.

१४ जून

फाइलचा प्रकार: फ्लॅक. यावर फार विचार करावा लागला नाही. आवाजातला एकही नमुना जात नाही, रचना खुली आहे, आणि २०२४मध्ये ती आरएफसी ९६३९ म्हणून प्रमाणित झाली. मला त्यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे फाइलच्या सुरुवातीलाच मूळ आवाजाचा एमडी५ चेकसम साठवलेला असतो. दहा वर्षांनी फाइल तपासायला दिली तर ती स्वतःच सांगेल की आपण शाबूत आहोत की नाही. वेव्ह फाइलमध्ये ही सोय नाही.

कॉम्प्रेशनच्या ० ते ८ पातळ्यांनी आवाजात काहीच फरक पडत नाही, फरक पडतो तो फाइलच्या आकारात आणि लागणाऱ्या वेळात. ८ ठेवली. ८० मिनिटांची ऑडिओ सीडी म्हणजे सुमारे ८४७ एमबी. फ्लॅकमध्ये ती साधारण निम्म्यापासून दोन-तृतीयांशापर्यंत येते. फोनसाठी एमपी३ हवी असेल तर ती फ्लॅकपासून केव्हाही करता येईल, उलट दिशेने मात्र नाही.

प्रत्येक सीडीच्या फोल्डरमध्ये ट्रॅकगणिक एक फाइल, क्यू फाइल (कोणता ट्रॅक कुठे सुरू होतो याची नोंद) आणि लॉग. क्यू फाइलचं महत्त्व आज एका सीडीवर दिसलं. तिच्या पहिल्या ट्रॅकच्या आधीच्या मोकळ्या जागेत जवळपास मिनिटभराचं वादन लपवलेलं आहे. साध्या प्रोग्रामला ते दिसतच नाही, कारण ते पहिल्या ट्रॅकची सुरुवात जिथे नोंदलेली असते तिथूनच वाचायला लागतात. व्हिपरने ते वेगळी फाइल करून दिलं.

१८ जून

नावं आणि माहिती. पूर्वी फ्रीडीबी होतं, ते २०२०मध्ये बंद झालं. आता म्युझिकब्रेन्झ. सीडीवरच्या ट्रॅकच्या लांबी-जागांवरून एक ओळखक्रमांक तयार होतो आणि त्यावरून अल्बम सापडतो. मराठी सीडींपैकी बऱ्याच तिथे नव्हत्या, त्यांची माहिती मुखपृष्ठावरून बघून मी भरतो आहे. माझ्यानंतर तीच सीडी घालणाऱ्याला ती आपोआप मिळेल, म्हणून हे काम मनापासून करतो.

देवनागरीसाठी तीन गोष्टी तपासल्या. पहिली, क्यू फाइल आणि लॉग यूटीएफ-८मध्ये, म्हणजे देवनागरीही सांभाळणाऱ्या एन्कोडिंगमध्ये, जतन होतात ना. जुन्या एन्कोडिंगमध्ये गेले तर गाण्याच्या नावाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं उरतात. दुसरी, लिनक्सच्या ईएक्सटी४ फाइल सिस्टिममध्ये फाइलच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा आहे आणि देवनागरीतलं एक चिन्ह तीन बाइट घेतं. म्हणजे काना-मात्रा-हलन्त धरून फक्त ८५ चिन्हं. गाण्याची अख्खी ओळ, गायक, संगीतकार असं सगळं नावात कोंबलं तर सहज ओलांडतं. म्हणून फाइलचं नाव आखूड, बाकी सगळं टॅगमध्ये (फाइलच्या आत साठवलेल्या माहितीत). फ्लॅकचे टॅग यूटीएफ-८च असतात, तिथे अडचण नाही.

तिसरी गोष्ट बारीक आहे, पण शोधताना नडते. ‘दुसऱ्या’मधला ऱ्य दोन पद्धतींनी टाइप होतो: एकात ऱ हे स्वतंत्र चिन्ह असतं, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे, पण यंत्रासाठी दोन वेगळे शब्द. युनिकोडचं प्रमाणीकरण चालवूनही हे दोन एक होत नाहीत. सगळे टॅग एकाच कीबोर्डवरून भरायचे ठरवलं आणि बाहेरून आलेली नावं शोधा-बदला करून पहिल्या पद्धतीत आणली.

२१ जून

डेटा सीडी. इथे फारशी स्पर्धा नाही, डीडीरेस्क्यूच.

फाइल मॅनेजरने फोल्डर ओढून कॉपी केलं की पहिल्या खराब सेक्टरवर गाडी अडते. डीडीरेस्क्यू संपूर्ण डिस्कची इमेज, म्हणजे एकाच फाइलमधली हुबेहूब प्रत, घेतं: पहिल्या फेरीत सहज वाचता येतं तेवढं उचलतं, अवघड जागा सोडून पुढे जातं, आणि काय मिळालं-काय राहिलं याची नोंद मॅपफाइल नावाच्या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये ठेवतं. सेक्टरचा आकार २०४८ सांगायचा, पहिल्या फेरीत खरवडणं बंद ठेवायचं, मग राहिलेल्या जागांवर पुन्हा प्रयत्न करायला लावायचे.

खरी ताकद पुढे आहे. उजेडाचे ठिपके असलेली ती सीडी-आर डेस्कटॉपच्या ड्राइव्हवर काही ठिकाणी वाचलीच जाईना. डिस्क काढून दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घातली आणि तीच इमेज, तीच मॅपफाइल देऊन पुढे चालवलं. त्याने फक्त उरलेल्या जागांवर काम केलं आणि त्यातल्या बऱ्याचशा भरून काढल्या. प्रत्येक ड्राइव्हची लेझर आणि वाचायची पद्धत निराळी असते. एकाला न दिसणारं दुसऱ्याला दिसतं. बॅकअपसाठी दोन वेगळ्या कंपन्यांचे ड्राइव्ह बाळगा, असं मी कुणालाही सांगेन.

राहिलेले खराब सेक्टर नेमके कोणत्या फाइलमध्ये पडतात? त्यालाही उत्तर आहे. इमेजच्या प्रतीवर डीडीरेस्क्यूचा फिल मोड चालवून न वाचलेल्या जागी एक ओळखीचा मजकूर भरायचा, इमेज माउंट करायची (डिस्क घातल्यासारखी उघडायची), आणि तो मजकूर कोणकोणत्या फाइलमध्ये सापडतो ते शोधायचं. चार फोटोंची नावं आली. बाकी सगळे फोटो पूर्ण आहेत हे आता मी खात्रीने म्हणू शकतो, आणि माझ्या निकषाला हवं होतं ते हेच.

दोन गोष्टी पुढच्यासाठी लिहून ठेवतो. काही सीडी-आरच्या अगदी शेवटचे दोन सेक्टर कधीच वाचले जात नाहीत. त्या ‘ट्रॅक-अ‍ॅट-वन्स’ पद्धतीने लिहिलेल्या असतात आणि ते सेक्टर रिकामी शेपटी असते. तिथे काही हरवलेलं नाही. आणि टप्प्याटप्प्याने भरलेल्या सीडीत, म्हणजे एकापेक्षा जास्त सेशन असतील तर, इमेज माउंट केल्यावर पहिल्याच सेशनच्या फाइल दिसू शकतात. माउंट करताना शेवटच्या सेशनचा सुरुवातीचा सेक्टर द्यायचा, मग सगळं दिसतं.

२२ जून

मल्टिमीडिया सीडी, ज्यांत पहिला ट्रॅक डेटा आणि पुढचे गाण्यांचे. यांची आयएसओ (फक्त डेटाची इमेज) केली तर गाणी जातात. बिन-क्यू जोडीच हवी, म्हणजे सगळे ट्रॅक धरणारी बिन फाइल आणि सोबत क्यू फाइल. रीडम्पर वापरून पाहिलं, काम चोख. थोड्याच डिस्क आहेत, पुढे.

२८ जून

घरगुती डीव्हीडी. इथे सगळ्यात लोकप्रिय सल्ला ‘हँडब्रेकने एमपी४ करून टाक’ असा असतो, आणि माझा त्याला ठाम नकार आहे. हँडब्रेक चांगलं आहे, पण ते चित्र नव्याने एन्कोड करतं. डीव्हीडीतला एमपीईजी-२ आधीच दाबलेला आहे. पुन्हा दाबला की तपशील जातो आणि परत येत नाही. माझ्या डिस्कवरचं ७२० बाय ५७६चं चित्र इंटरलेस्ड आहे, म्हणजे एका फ्रेममध्ये दोन क्षणांच्या ओळी एकाआड एक. डीइंटरलेस करायच्या, म्हणजे त्या ओळींतून पूर्ण चित्रं घडवायच्या, पद्धती दरवर्षी सुधारत आहेत. आजच्या पद्धतीने ते कायमचं भाजून टाकलं तर उद्याच्या चांगल्या पद्धतीचा फायदा घेता येणार नाही.

मूळ प्रत म्हणून डीडीरेस्क्यूने घेतलेली पूर्ण आयएसओ. एका थराची डीव्हीडी ४.७ जीबी, दोन थरांची ८.५ जीबी, जागा एवढीच लागते. बघायला सोपी प्रत हवी म्हणून मेकएमकेव्हीने एमकेव्ही, ज्यात चित्र-आवाज जसेच्या तसे उचलले जातात आणि चॅप्टरही राहतात. डीव्हीडीवरच्या व्हीओबी (व्हिडिओच्या) फाइल हाताने एकापुढे एक जोडू नयेत. त्या एक-एक जीबीच्या हद्दीवर तुटतात आणि एकाहून जास्त टायटल असतील तर जोडताना सरमिसळ होते. मेकएमकेव्हीचा काही भाग बंद आहे याची थोडी टोचणी आहे, पण त्यातून येणारी फाइल खुल्या प्रकारची आहे आणि मूळ आयएसओ माझ्याकडे आहेच.

काही डिस्क फायनलाइझ न केलेल्या (रेकॉर्डिंगनंतर बंद न केलेल्या) निघाल्या, संगणकाला त्या कोऱ्या वाटतात. त्या भरल्या तो रेकॉर्डर अजून चालतो, त्यातच घालून फायनलाइझ केल्या आणि मग इमेज घेतली. रेकॉर्डर नसता तर आयसोबस्टर या सॉफ्टवेअरचा मार्ग होता.

विकतच्या चित्रपटांचा ढीग बाजूला ठेवला. बहुतेकांवर सीएसएस या कॉपी-प्रतिबंधाचं कुलूप आहे. स्वतःच्या डिस्कसाठीही ते उघडायला परवानगी आहे की नाही, हे देशोदेशी वेगळं आहे. शिवाय ते चित्रपट पुन्हा मिळू शकतात. घरच्यांचे आवाज मिळणार नाहीत. माझा वेळ तिकडे.

५ जुलै

पडताळणीची व्यवस्था. प्रत्येक फोल्डरमध्ये सर्व फाइलींचे एसएचए-२५६ चेकसम आणि जोडीला पार२ दुरुस्ती-फाइल, १० टक्के. हार्ड डिस्कवरचे काही भाग पुढे-मागे बिघडले तर तेवढं भरून काढता येईल. दोन हार्ड डिस्कवर दोन प्रती, तिसरी दुसऱ्या घरी. दर सहा महिन्यांनी सगळे चेकसम पुन्हा ताडून बघायचे. ते काम एका छोट्या स्क्रिप्टवर सोपवलं आहे. स्क्रिप्ट न जुळलेल्या फाइलींची यादी देते आणि यादी रिकामी असेल तर तसंही लिहून ठेवते.

हार्ड डिस्कवरून परत आणूनही पाहिलं: एका अल्बमच्या फ्लॅक उलगडून चेकसम काढले, ते सीडी वाचली त्या दिवशीच्या लॉगशी जुळले. दोन आयएसओ माउंट करून आतल्या फाइल उघडल्या.

निवड पक्की: विकतच्या सीडींना व्हिपर, बर्न केलेल्या ऑडिओला व्हिपर आणि एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी दोन्ही, ओरखड्यांच्या सीडींना क्यूटूल्स, डेटा आणि डीव्हीडीला डीडीरेस्क्यू, मिश्र डिस्कना रीडम्पर. एकच सॉफ्टवेअर सगळ्याला पुरेल असं ज्यांना वाटत होतं त्यांनी ही यादी लांब म्हणावी. डिस्कच मुळात एका जातीच्या नाहीत.

चार फोटोंच्या सीडी-आरचे उरलेले सेक्टर अजून बाकी आहेत. इमेज आणि मॅपफाइल एकाच फोल्डरमध्ये आहेत, डिस्क अंधाऱ्या कप्प्यात उभी ठेवली आहे. एका मित्राकडे तिसऱ्या बनावटीचा ड्राइव्ह आहे, तो पुढच्या आठवड्यात आणतो आहे. त्यावर तीच मॅपफाइल पुढे चालवायची.